टाकी सोडली, वैनी

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला, पण पोलीस ठाण्यात बसून, मान ताठ ठेवून, चारचौघांच्या देखत केलेला एवढा एकच. माझे दीर सोनपेठला गेलेत, असं मी तिथं ठासून सांगितलं. त्यांच्या मोबाइलचा टावर सोनपेठकडचा निघाला होता. तेवढ्यावर मी माणूस मनातल्या मनात नेऊन तिथं बसवला. नुसता बसवला नाही, त्याच्या पुढ्यात गरम भज्यांची बशीसुद्धा ठेवली. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे साठी ओलांडून फार दिवस झाले नव्हते, आणि त्या वयात आपल्याला माणसं ओळखता येतात असा एक समज असतो. आता ऐंशीच्या घरात आल्यावर नातवंडंसुद्धा ओळखायला चष्मा लागतो.

दिरांचं नाव मुंजाजी. मी भाऊजी म्हणायची, ते मला वैनी म्हणायचे. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. परभणीत आमची दोन घरं एकमेकांना टेकून होती, मधली भिंत एक. त्यांची बायको फार लवकर गेली, एकुलती मुलगी लग्न होऊन लातूरला. आमचे हे गेले त्यानंतर भिंतीच्या एका अंगाला मी आणि माझा मुलगा दत्ता, दुसऱ्या अंगाला भाऊजी एकटे.

निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी त्यांच्या अंगातली गाडी काही थांबली नव्हती. देवळात आरतीला उभे राहिले तरी पाय फाकवून, एका खांद्यानं खांबाला रेलून, जणू आत्ता वळण येणार आहे. लग्नात पंगतीच्या दाराशी हे आपणहून जाऊन उभे. "मागं सरका, मागं लय जागा हाय," म्हणत वऱ्हाडाला आत सारायचे. एकदा नवरदेवाच्या मामालाच सारला. मामा भडकला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "मामा असा का मामलेदार, दारात उभं ऱ्हायचं न्हाई."

खिडकीपाशी कधी बसायचे नाहीत. माझ्या घरात आले तरी दाराजवळची खुर्ची. खिशात कायम अडकित्ता. सुपारी डॉक्टरांनी बंद केली होती, अडकित्ता बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता लोकांचं लक्ष उडालं की त्यानं खुर्चीच्या दांडीवर टक्क करायचे. सारं घर गप्प व्हायचं. मीसुद्धा, आणि मला गप्प करणं सोपं काम नव्हतं, हे माझ्या सासूला विचारा. आता ती वर आहे, पण सांगेल.

भिंतीवर त्यांची घंटी चालायची. गाडीत दोरी ओढून द्यायचे तशीच. एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे चला. मी भल्या सकाळी मिक्सर लावला की पलीकडून एक ठोका. मी दत्तावर तोंड सोडलं की एक ठोका. दुपारी चार वाजायच्या सुमाराला दोन ठोके आले की मी चहाचं आधण ठेवायचं. मोबाइल आल्यावर हीच घंटी मोबाइलवर गेली. दोन मिस्ड कॉल आले की समजायचं, निघालेत. एक आला की थांबलेत कुठंतरी, गाडी पंक्चर नाहीतर ओळखीचं माणूस भेटलं. उचलायचा नसायचा. मी एकदा चुकून उचलला तर म्हणाले, "वैनी, घंटीला उत्तर देत न्हाईत."

फोन साधा, बटणांचा. दत्तानं मोठा पाटीसारखा फोन घेऊन द्यायचा लय प्रयत्न केला. एकदा स्वतःच्या फोनवर त्यांना नकाशा दाखवला. आपलं घर कुठं आहे ते दाखवायला गेला तर निळा ठिपका आणि त्याच्याभोवती फिकट निळं मोठं वर्तुळ. त्या दिवशी सिग्नल नीट नव्हता, त्यामुळं वर्तुळ पार आठवडी बाजारापर्यंत गेलेलं. भाऊजींनी चष्मा वर सरकवून बघितलं.

"ह्या गोलात मी कुठं हाय?"

"कुठंही असू शकता काका. मधोमध असालच असं नाही."

"मंग ह्याला मालूम न्हाई."

"अंदाज हाय त्याचा. ह्या गोलाच्या भाईर मात्र न्हाईत, असं म्हणतोय."

भाऊजी खूश झाले. म्हणाले, हा इमानदार दिसतो. आपल्याकडं माणसं अंदाजाला ठिपका म्हणून सांगतात. बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी गवार मोडत होते.

त्यांची स्वतःची जागा सांगायची तऱ्हा मात्र ठिपक्याहून आणि गोलाहून वेगळी. "कुठं हाव?" म्हणून विचारलं तर असतील तिथलं नाव ते कधीच सांगायचे नाहीत. मागं पडलेल्या थांब्याचं सांगायचे. जिनिंग सोडलं. दर्गा सोडला. टाकी सोडली. पुढचा थांबा आलाच म्हणून सांगणं त्यांना पाप वाटायचं. "आन् पुढं टायर फुटलं तर? मागचं तेवढं पक्कं." त्यामुळं आम्हाला सवय झाली होती. भाऊजी दर्गा सोडला म्हणाले की समजायचं, माणूस दर्ग्याच्या पुढं आणि टाकीच्या अलीकडं आहे, मधे कुठंतरी. जेवणाचंही तसंच. जेवलात का विचारलं की उत्तर यायचं, "भाकर सोडली, भातावर हाय."

हे थांबे म्हणजे आमच्या गावाकडच्या रस्त्यावरचे. परभणीहून निघालं की कापसाचं जिनिंग, दर्गा, पाण्याची टाकी आणि मग आमचं गाव. गाव गंगेच्या अलीकडच्या काठावर. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. समोर पलीकडच्या काठापासून सोनपेठ तालुका. बघायला गेलं तर हाक मारावी एवढं जवळ, जायला निघालं तर पुलावरून मोठा वळसा. थोडी जमीन आहे तिथं, सखाराम नावाचा बटाईदार ती कसतो. टाकीच्या थांब्यावर उतरलं तर एक पांदण आडवी काठाकाठानं शेतावर जाते. गावात शिरावं लागत नाही.

आता भज्यांची गोष्ट. भाऊजींनी पुष्कळ वर्षं सोनपेठची मुक्कामी गाडी केली. संध्याकाळी जायची, सकाळी परत. सकाळी येताना कागदात बांधलेली भजी आणायचे. गार झालेली असायची, पण चव अशी की भांडण व्हावं. मी विचारलं, कुणाच्या हातची? तर म्हणाले, स्टँडवर एक बाई हाय. बस्, एवढंच. एखाद्या विधुर माणसानं "एक बाई हाय" म्हणावं आणि पुढं काही बोलू नये, आणि ते माझ्यासारखीनं ऐकावं! मी त्या बाईला रंग दिला, नाक दिलं, नाकात चमकी दिली, हिरवी साडी नेसवली. आमच्या ह्यांना उशीवर डोकं टेकल्याबरोबर सांगायची. हे म्हणायचे, झोप. निवृत्तीनंतर भाऊजी सकाळी उठून "जरा फेरी मारून यायलो" म्हणत निघायचे, कुठं ते कधी सांगायचे नाहीत. गाडीला पाटी असते, कंडक्टरनं कशाला सांगायचं, असा त्यांचा हिशेब. म्हाताऱ्यांना तिकिटात सवलत, त्यामुळं दिसेल त्या गाडीत बसायचे, कधी पालम, कधी वालूर, आणि दुपारपर्यंत घरी. प्रत्येक फेरीला मी मनातल्या मनात सोनपेठची पाटी लावायची.

तो दिवस दिवाळीच्या आधीचा. पाऊस संपून गंगा दोन्ही काठ धरून वाहत होती, वर ऊन मात्र वैशाखासारखं. आदल्या संध्याकाळी भिंतीपाशी भांडी घासताना मी एकटीच पुटपुटले होते की ह्या वर्षी वाळूक काही तोंडाला लागलं नाही. वाळूक म्हणजे आमच्या रानातली बुटकी काकडी. बांधावर वेल येतात. मला बोलायला माणूस लागत नाही, भांडंही चालतं. विषय तिथं संपला.

सकाळी भाऊजी पिशवी आणि स्टीलचा डबा घेऊन निघाले. जरा फेरी मारून यायलो. मी बरं म्हणाले.

बारा वाजून गेल्यावर त्यांचा फोन आला. वारा लय होता, आवाज फाटत होता. "टाकी सोडली, वैनी. ती..." आणि तुटला. थोड्या वेळानं एक मिस्ड कॉल. एकच. मी म्हटलं, थांबलेत कुठंतरी. आणि मला चक्क हसू आलं. बसा म्हटलं थांबून, भजी गरम असतील.

चार वाजले. भिंतीवर ठोके आले नाहीत.

माणसाची सवय नसली की बरं असतं, ती असली की तिच्या वेळेला घर कान देऊन बसतं. मी फोन लावला. ती फोनातली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तीच बाई, तोच सूर, तिला काय फिकीर. किल्ली माझ्याकडं असायची म्हणून त्यांच्या घरात गेले. फळीवर साखरेच्या गोळ्यांचं पाकीट तसंच पडलेलं, दुपारची गोळी आत. भाऊजींना साखर होती आणि ती वर जायची तशी एकदम खालीही यायची. मागं एकदा ओट्यावरच चक्कर येऊन पडले होते, गुळाचा खडा तोंडात घालेपर्यंत आम्हाला ओळखत नव्हते. डब्यात काय नेलं होतं, तेही मला माहीत नव्हतं. शेजारच्या घरातला माणूस सकाळी काय बांधून घेऊन गेला ते मला ठाऊक नाही आणि सोनपेठच्या बाईची चमकी कुठल्या नाकपुडीत ते ठाऊक.

दत्ता दुकानातून आला. त्यानं आधी गावी सखारामला फोन केला. सखाराम म्हणाला, दिवसभर पारावरच व्हतो, काका उतरले न्हाईत, गाडी रिकामी आली. मग लातूरला केला, पोरगी घाबरेल म्हणून नुसती इकडची तिकडची चौकशी. तिथंही नव्हते. मग आम्ही ठाण्यात गेलो.

ठाण्यात रेखा नावाची पोलीस पोरगी होती, दत्ताच्या वर्गमित्राची बहीण. तिनं सगळं लिहून घेतलं, साहेबांना सांगितलं, फोन कंपनीकडं निरोप गेला. आम्ही बाकड्यावर बसलो. समोरच्या भिंतीवरची उन्हाची पट्टी हळूहळू वर सरकत होती आणि मी तिच्यावरून नजर काढू शकत नव्हते. ऊन छताला लागलं की दिवस संपला. उघड्यावर पडलेल्या माणसाला अंधारात कोण बघणार.

उत्तर आलं. शेवटचा फोन आणि नंतरची ती एक घंटी, दोन्ही सोनपेठकडच्या टावरवरून. त्याच्यानंतर फोनचा ठाव नाही.

"बघ," मी दत्ताला म्हणाले. तोंडातून निघून गेलं. आणि मग मी ते सारं बोलले, स्टँड, बाई, मुक्कामी गाडी. एक हवालदार हसला. दत्ता खाली बघायला लागला. मला वाटलं, भाऊजी जिवंत आहेत, भजी खायलेत, म्हणून किती बरं. खरं सांगते, मनातून मी तेच धरून बसले होते. ते सोनपेठला असणं म्हणजे ते ठीक असणं.

रेखा मात्र हसली नाही. "आजी, ह्यो टावरचा पत्ता हाय, माणसाचा न्हाई," ती म्हणाली. तिनं समजावून सांगितलं की शहरात टावर जवळजवळ असतात, तिथं गल्लीपर्यंत अंदाज बांधता येतो. खेड्यात एकेक टावर चार-पाच गावं सांभाळतो. फोन जवळच्याच टावरला लागतो असंही नाही. ज्याला नीट ऐकू येईल त्याला लागतो. मधे टेकाड आलं, दरड आली, तर जवळचा सुटतो आणि लांबचा धरतो. पाण्यावरून तर आवाज लय लांब जातो.

एवढं सांगून तिनं विचारलं, "फोनवर शेवटी काय बोलले?"

आणि मी म्हणाले, "काही न्हाई. तुटक तुटक. कळलं न्हाई."

खोटं नव्हते बोलत. टाकी सोडली हे मला स्वच्छ ऐकू आलं होतं, पण टावर सोनपेठचा म्हटल्यावर मी ते शब्द पुसून टाकले. टाक्या काय सगळ्याच गावांत असतात. मशीन एक सांगत असताना म्हाताऱ्याचं काय धरायचं, असा माझा शहाणपणा. रेखानं सांगितलेलं सगळं मी ऐकलं, त्यातला सोनपेठ हा एक शब्द ठेवला आणि बाकीचं परत केलं.

दत्ता गाडी काढून पुलावरून सोनपेठला गेला. ठाण्यातून तिकडच्या ठाण्याला फोन गेला. मी घरी आले, कारण दाराला कुलूप असलं आणि ते आले तर?

त्या तासाभराबद्दल मला फार लिहिता येत नाही. मी स्वयंपाकाला लागले आणि काही केलं नाही. भिंतीला पाठ लावून बसले. मधेच एकदा उठून मी भिंतीवर दोन ठोके दिले. चला. पलीकडं अर्थातच कुणी नव्हतं, रिकाम्या खोलीतून माझाच आवाज माझ्याकडं आला.

दत्ताचा फोन आला. स्टँडवर ती बाई सापडली होती. "आई," तो म्हणाला, आणि पोरगा हसतोय का रडतोय ते कळेना. "आई, ती नव्वदीची हाय. दात न्हाईत तिला. तळायचं तिचा नातू करतो. काका दोन वर्षांत इकडं फिरकले न्हाईत म्हणायलीय. माझ्याच हातात पुडा दिला, त्यांना द्या म्हणून."

माझ्या हिरव्या साडीतल्या बाईनं तिथल्या तिथं मान टाकली. आणि तिच्याबरोबर भाऊजी ठीक असल्याची माझी खात्रीही गेली.

हातात फोन तसाच होता. मिस्ड कॉलची ती एक ओळ अजून दिसत होती. एकच घंटी. मी दुपारपासून तिचा अर्थ लावत होते, थांबलेत, बसलेत, मजेत आहेत. पण भाऊजी थांबले की का थांबले ते पुढच्या फोनात सांगायचे, आणि पुन्हा निघाले की दोन द्यायचे. ह्या वेळी दोन आल्याच नाहीत. गाडी थांबली होती ती थांबलीच होती. आणि थांबण्याच्या आधी त्यांनी मला त्यांच्या रिवाजानं, स्वच्छ, जागा सांगितली होती. मागचा थांबा. दुसऱ्या कुठल्याही गावच्या टाकीला ते टाकी म्हणत नसत, त्या गावाचं नाव घेत. टाकी एकच होती.

मी चपला न घालता ठाण्यात गेले. रस्त्यात कुणीतरी, आजी काय झालं, म्हणून विचारलं. मी त्याला "टाकी" एवढंच म्हणाले.

रेखाला सगळं सांगितलं, ते मागचा थांबा कसा सांगतात तेही. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशापाशी गेली. सोनपेठकडच्या त्या टावरच्या गावावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं भोवती गोल फिरवला. गोल गंगा ओलांडून अलीकडं आला. आमच्या काठाची एक पट्टी त्याच्यात सापडली. "टाकी कुठं?" मी दाखवली. "आन् गाव?" तेही दाखवलं. टाकीच्या पुढं, गावाच्या अलीकडं आणि गोलाच्या आत, अशी जागा फार उरलीच नाही. पांदण, आमचं शेत आणि खाली गंगेची दरड.

"दरडीच्या खाली असतील," रेखा म्हणाली. "आपल्या अंगाचा टावर दरडीमागं झाकतो. पल्याडचा समोर उघडा."

तिनं सखारामला फोन लावला. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. उन्हाची पट्टी भिंतीवरून गेली होती.

पुढचं मी बघितलेलं नाही. सखारामनं नंतर इतक्या वेळा सांगितलं की मला ते दिसतं. तो आणि गावातली दोन-चार माणसं पांदणीनं पळत सुटली. संध्याकाळ पाण्यावर उतरली होती. शेताच्या कडेनं हाका मारत ते पुढं पुढं निघाले. वरून खालचं काही दिसत नव्हतं, वेलींनी कड झाकलेली. ते त्या जागेवरून पुढं निघूनही गेले. तेवढ्यात खालून आवाज आला. ठण. सखारामला वाटलं शेळीच्या गळ्यातलं काही असेल. चालत राहिला. परत ठण. एकच, आणि मधे लांब थांबणं.

"आजी, ल्हानपणी मी काकाच्या गाडीनं शाळेला जायचो," तो सांगतो. "एक घंटी झाली की पाय आपोआप थांबतेत. म्या पोरांना म्हणलं, थांबा. काका खाली हाय."

दरडीच्या अर्ध्यात, बाभळीच्या खोडाला अडकून, भाऊजी पडले होते. खुबा मोडला होता. बोलता येत नव्हतं, ओठ वाळून गेले होते. एका हातात अडकित्ता, पुढ्यात डबा. दोनदा ठोकलं असतं तर लोक पुढं निघून गेले असते, असं सखाराम म्हणतो आणि प्रत्येक वेळी स्वतःच शहारतो. पिशवी तेवढी अंगाखाली नीट होती. तिच्यात वाळकं होती.

रेखाचा फोन आल्याबरोबर दत्ता सोनपेठहून निघून पलीकडच्या काठावर घाटाच्या पायऱ्यांवर पोचला होता. त्याला पाण्यापलीकडं माणसं खाली उतरताना दिसली, काकांचा पांढरा सदरा दिसला. मधे गंगा. त्यानं तिथून हाक मारली. हातात भज्यांचा पुडा होता.

दवाखान्यात भाऊजींनी काहीच विचारलं नाही. मला वाटायचं आता विचारतील, आता विचारतील. मी रोज डबा घेऊन जायची आणि दारातून त्यांचा चेहरा बघायची, कुणी सांगितलंय का. दत्ता बोलला नव्हता. सखारामला ठाऊक नव्हतं. भज्यांचा पुडा दत्तानं त्यांना दिला तेव्हा ते म्हणाले, म्हातारी बरी हाय का, आणि एक भजं खाल्लं, गार. मी खिडकीबाहेर बघत होते. वाळकं मी खाल्ली नाहीत. खरं म्हणजे खाल्ली. वाया कशाला घालवायची. पण रडत रडत.

खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पाय मात्र पहिल्यासारखा झाला नाही. पोरीनं ठरवलं, बाबांना लातूरला घेऊन जायचं. गाडी करू म्हणाली. भाऊजींनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी एसटी मागितली. ते लातूरहून परत आले नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात तिथंच गेले, झोपेत. म्हणून मला ते अजून जे दिसतात ते स्टँडवरचे.

दाराजवळच्या सीटवर बसवलं होतं. काठी गुडघ्यांत. आयुष्यात पहिल्यांदा ते एसटीत बसलेले मी बघत होते, आणि तो बसलेला माणूस फार लहान दिसत होता. दत्ता पोरीबरोबर पिशव्या लावत होता. कंडक्टर पोरगा खालून हाळी देत होता, लातूर, लातूर. मी खिडकीखाली उभी. मला वाटलं, आता नाही बोलले तर हे माझ्याच अंगात राहील.

मी सांगून टाकलं. खालून, मान वर करून, त्या गर्दीत. भज्यांची बाई, तिची चमकी, टावर, आणि टाकी ऐकूनही कुणाला सांगितली नाही ते. तास-दीड तास माझ्यापायी तुमी उन्हात पडून राहिलात, म्हणाले.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. चमकीपाशी मिशीत हसले. कंडक्टर आत चढला, दार ओढलं. भाऊजींनी अडकित्ता काढून खिडकीच्या गजावर टक्क केलं, माझी बडबड थांबवायला, आणि वाकून म्हणाले,

"वैनी, त्यो टावर तरी गंगेच्या पल्याडहून आयकत व्हता. तुमी तर भिंतीच्या अल्याड ऱ्हात व्हता."